भांगात भरलेली खांड

पनवेलचं नाव काढलं की आमच्या बार्शीतली माणसं दोनच गोष्टी सांगतात. एक, तिथं एस.टी. अर्धा तास थांबते. दुसरी, तिथला वडा गार असतो. दोन्ही खऱ्या आहेत. पण खरं पनवेल स्टँडपासून चार कोसांवर सुरू होतं, जिथं डांबर संपतं आणि दिवसातून दोनदा खाडीचं पाणी दाराशी येऊन उभं राहतं. ते पनवेल मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा सत्त्याऐंशी साली नोकरीवर गेले आणि तोंड लपवून परत आले. दुसऱ्यांदा परवा, फाल्गुनात. या खेपेचं सांगायचं तर आधीचंही सांगावं लागेल, आणि ते सांगताना मी स्वतःला सोडणार नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांची, हातात सिव्हिलचा डिप्लोमा, डोक्यात हवा. एका ठेकेदाराकडे साइटवर होते. उलव्याच्या अलीकडं खाडीकाठी एक गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांनीच सांगितलंय, नाव घालू नको, उगाच माणसं बघायला येतील. गावाची भातशेती खाडीपेक्षा खालच्या पातळीवर. मधे मातीचा लांबलचक बांध. तो बांध फुटून जे भगदाड पडतं त्याला तिकडं 'खांड' म्हणतात. आमच्याकडं खांड साखरेची असते, तिकडं नशिबाची. ती खांड बुजवायचं काम माझ्याकडं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी मुरमाचे डंपर बोलावले. गावातले हसूबाबा, साठीचे आगरी शेतकरी, खांद्यावर टॉवेल टाकून माझ्याकडं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाय, आता नको. भांगात भरा."

आता माझी अवस्था समजून घ्या. साइटवर मी एकटी मुलगी. मुकादमापासून डंपरवाल्यापर्यंत प्रत्येकानं एकदा तरी विचारलेलं, लग्न कधी करताय? घरून दर आठवड्याला पत्र, अमुक स्थळ आलंय. अशात हा म्हातारा म्हणतो भांगात भरा! म्हणजे भांगात कुंकू भरा आणि चूल सांभाळा, असंच मला ऐकू आलं. माझं डोकं फिरलं. सगळ्या माणसांसमोर मी त्यांना म्हणाले, "माझ्या भांगाची काळजी तुम्ही करू नका, बाबा."

ते हात जोडून निघून गेले.

मी खांड बुजवली, फोटोसुद्धा काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी चढलं आणि माझा मुरूम साखरेसारखा विरघळला. खारं पाणी भातखाचरांत शिरताना मी काठावर उभी होते. शेजारी हसूबाबांची सून ठमावहिनी होती. ती रडत रडत म्हणाली की सासऱ्यांनी सांगितलं व्हतं ना तुला, भांगात भर म्हनून. तेव्हा मला कळलं. पुनव-अवसेला पाणी जोरात चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, ते भांग. खांड भरायची ती भांगात. खाडीकाठचं शेंबडं पोर जे जाणतं ते या डिप्लोमावालीला ठाऊक नव्हतं. आमच्या बार्शीत उधाण येतं ते फक्त उत्साहाला!

नोकरी गेली. जाण्याआधी मी गावाच्या देवळापुढं उभी राहून सांगितलं की चूक पाण्याची नाही, माझी आहे. पण कशी चुकले ते सांगायची छाती झाली नाही. काय सांगणार, की तुमचा सल्ला मला टोमणा वाटला?

पुढं घरच्यांनी घाईनं लग्न लावून दिलं, तेही दोन वर्षांत मोडलं. दोघांनी प्रयत्न केले, जमलं नाही. परत आले तेव्हा आई पाहुण्यांना सांगायची, बाळंतपणाला आलीय, मग म्हणायची, तब्येतीला आलीय, मग सांगायचं बंदच केलं. वर्षभर मी खोलीतून बाहेर पडले नाही. शेवटी शेजारच्या एका शेतकऱ्याला नाल्यावर छोटा बांध घालायचा होता, आणि दुसरं कुणी मिळत नव्हतं म्हणून त्यानं मला हाक मारली. तो बांध गळला. दुसरा कमी गळला. तिसरा टिकला. आज बार्शीच्या आसपास माझे सव्वीस बांध उभे आहेत, आणि हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही.

पंचमी : बार्शी ते पनवेल

माघात एक कार्ड आलं. गावच्या गुरुजींच्या अक्षरात हसूबाबांचा मजकूर होता: श्रावणात खांड परत पडली. शिमग्याचं उधाण वर्षातलं मोठं असतं. त्याच्या आधी बुजली नाही तर यंदाही भात नाही, आणि सलग दुसऱ्या वर्षी मीठ मुरलं तर जमीन कायमची जाईल. तुमी यावं.

मी कार्ड चार वेळा वाचलं. आईनं पाचव्यांदा वाचलं आणि म्हणाली की गेल्या खेपेला तुला एकटीला पाठवलं होतं, या खेपेला मी येते. मी म्हटलं, तिथं सगळीकडं मासळीचा वास असतो. आम्ही लिंगायत, आईला कांद्याच्या वासानंही कसंतरी होतं. ती म्हणाली, नाक माझं आहे, मी बघीन. तिनं बाजरीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि कडक दशम्यांचा असा गठ्ठा बांधला की लढाईला निघालोय असं वाटावं.

पनवेलला उतरलो तर शहर ओळखू येईना. माझ्या वेळी कळंबोलीच्या अंगाला चिखल नि बगळे होते. आता रोडपालीपर्यंत इमारतींचे सांगाडे आणि लोखंडाच्या ट्रकांच्या रांगा. वडाळे तळ्याजवळ मी ज्या खोलीत राहायचे तिथं झेरॉक्सचं दुकान झालंय. बदलला नाही तो कर्नाळा किल्ल्याचा सुळका, अंगठ्यासारखा. लांबून तसाच वर केलेला दिसतो. आईनं त्याला महादेवाची पिंड समजून हात जोडले. मी दुरुस्ती केली नाही. पुढं टमटममध्ये शेजारच्या बाईच्या टोपलीतली सुकट आईच्या मांडीला टेकली होती, पण माउली पदर नाकाला लावून तासभर गप्प बसली.

षष्ठी : हसूबाबांच्या ओटीवर

हसूबाबा आता सत्तरीला टेकलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त 'आलीस?' विचारलं आणि ठमावहिनीला चहा टाकायला सांगितलं. चहात आलं इतकं की कानांतून वाफ निघावी.

तिकडची भाकरी तांदळाची. पांढरी, मऊ, घडी घातली तर रुमाल होईल अशी. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मला आमच्या घरच्या कानडीत म्हणाली की ही भाकरी आहे का आजारी माणसाचं पथ्य? दोन दिवसांनी ती तीन-तीन खात होती, ते मी नाही सांगितलं तरी ठमावहिनी सांगेल. वहिनीनं आईसाठी वेगळी चूल मांडली, नवं मडकं आणलं आणि घरातली मासळी आठवडाभर शेजाऱ्यांकडं हलवली. लोक पाहुण्यासाठी कोंबडी कापतात. इथं पाहुण्यासाठी मासे हद्दपार झाले.

दुपारी खांड बघायला गेलो. जागा तीच, नऊ वर्षांपूर्वीची. मधे गावानं जोळ करून ती एकदा बुजवलीही होती. जोळ म्हणजे घरटी एक माणूस बांधावर यायचा, सगळ्यांनी मिळून काम उरकायचं, जुनी रीत. पण आता निम्म्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्यात, तरुण मंडळी वॉचमन नि ड्रायव्हर झालीत, जोळाला हात उरले नाहीत. दोन ठेकेदार येऊन पाहून गेले होते.

मी हसूबाबांना विचारलं, मग मलाच का बोलावलंत? इतकं नुकसान करून गेलेली बाई मी.

ते खाडीकडं बघत म्हणाले, "ते दोघं पान्याला घाबरत नव्हते. तू एकदा हरलीस, तू घाबरशील. मना घाबरनारा मानूस पायजे."

माझ्या कामाचं इतकं खरं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही. मी दुसरीकडं बघून नाक पुसलं.

सप्तमी आणि अष्टमी

या खेपेला मी मुरूम मागवला नाही. खाडीतलाच चिकट चिखल फावड्यानं विटेसारखा कापायचा, भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर चिखल, पुन्हा पेंढा. दोन्ही अंगांनी बांबूच्या मेखा. हे सगळं हसूबाबांचं ज्ञान. माझं काम एवढंच की कुठं किती माणसं उभी करायची, उतार किती ठेवायचा आणि कधी थांबायचं. भांगात ओहोटी भर दुपारी येते, तेव्हा खांडीतलं पाणी गुडघ्याएवढं होतं आणि ओढ कमी. त्या चार-पाच तासांत काम. ऊन डोक्यावर, चिखल मांडीपर्यंत.

हात कमी होते, म्हणून मी गाव पालथं घातलं. वॉचमन झालेल्यांच्या घरी जाऊन बसले, सुट्टी घ्या म्हटलं, भांडलेसुद्धा. एकजण म्हणाला की बाई, आमची जमीन गेली, आता बांध कुणासाठी? मी म्हटलं, तुझ्या चुलत्याची आहे ना, त्याच्या घरचं भात खातोस ना? दुसऱ्या दिवशी तो आला, सोबत तिघांना घेऊन. वीटभट्टीवरच्या कातकरी बायाही आल्या. चिखलाचा गोळा न फुटता झेलावा तर त्यांनी. गावातल्या बायका आधी त्यांच्या रांगेपासून अंतर राखून होत्या. पहिल्या तासातच कळलं की त्यांच्याशिवाय काम हलत नाही, आणि रांग एक झाली.

अष्टमीच्या रात्री आम्ही ओटीवर जेवत होतो. नऊ वर्षं मनात अडकलेलं आता बाहेर काढायचंच असं ठरवून मी बोलले. म्हटलं, बाबा, तेव्हा तुम्ही भांगात भरा म्हणालात, ते मला कळलं नव्हतं. आमच्याकडं भांग म्हणजे केसांतला. मला वाटलं, तुम्ही मला लग्न कर म्हणताय. म्हणून मी तसं बोलले. मला माफ करा.

हसूबाबांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जातील.

"म्हंजे बार्शीला येगलं भांग नसतं?" त्यांनी विचारलं. "तू बोललीस, माझ्या भांगाची कालजी करू नका. मी घरी येऊन लय इचार केला. म्हनलं, शिकलेली बाय हाय, हिच्या गावाला येगलं भांग असंल, पुनवेला येत असंल. नऊ वरसं मी तेच धरून बसलोय."

आधी ठमावहिनीला ठसका लागला. मग मी. मग आई, जिला अर्धंच कळलं होतं, तीही हसायला लागली. हसूबाबा एकटे गंभीर होते, आणि मग त्यांचेही खांदे हलायला लागले. हसता हसता मला रडू आलं, ते कुणी थांबवलं नाही. मी नऊ वर्षं समजत होते की या माणसाचा मी अपमान केला. त्यांना अपमान झाल्याचं माहीतच नव्हतं! ते बिचारे माझ्या बार्शीला समुद्र शोधत होते.

नवमी : ज्याची खांड त्याचा हात

नवमीला शेवटची दीड वाव, म्हणजे नऊएक फूट, खांड उरली होती. पाण्याची वाट अरुंद झाली की त्याचा जोर वाढतो, हे मला माहीत होतं. तरी डाव्या अंगाचा चिखल अचानक बसला आणि एक थर खचला. मेखा वाकल्या. क्षणभर मला पुन्हा तो मुरूम विरघळताना दिसला. सगळे माझ्याकडं बघत होते.

मग मी ओरडले की वरची भर थांबवा, आधी पायाशी पेंढा आणा. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, बार्शीच्या त्या पहिल्या गळक्या बांधानं शिकवलं होतं. वरून भर टाकत राहिलं की खालचं अजून वेगानं जातं. पेंढ्याच्या पेंढ्या पायाशी दाबल्या, त्यावर माणसं उभी केली. पण चिखल पोचवायला रांगेत माणूस कमी पडत होता. मागं वळून बघते तर बांधावर पदर नाकाला लावून बसणारी माझी आई, नऊवारीचा ओचा खोचून, गुडघाभर चिखलात दोन कातकरी बायांच्या मधे उभी! एकीकडून गोळा घेतेय, दुसरीकडं देतेय. चेहऱ्यावर राग, कारण एक गोळा तिच्या हातून फुटला होता. साठ वर्षांत या बाईनं आमच्या लिंगायत वाण्याच्या घरची उंबरठ्याची रांगोळी कधी विस्कटू दिली नव्हती.

ओहोटी संपायला थोडाच वेळ होता तेव्हा टोपलीभर जागा उरली. हसूबाबांनी सगळ्यांना थांबवलं. शेवटचा गोळा कुणी ठेवायचा याची त्या गावात रीत आहे. मला वाटलं, एखादी सवाष्ण लागत असेल, म्हणून मी आपणहून बाजूला झाले. आईनंही मान खाली घातली. माझं लग्न मोडल्यापासून आम्ही दोघी हे शिकलो होतो, कुठं बाजूला व्हायचं ते.

हसूबाबांनी गोळा माझ्या हातात दिला. "ज्याची खांड त्याचा हात," ते म्हणाले. "जो हरला त्यानंच बुजवायची. नायतर ती परत उघडती."

मी तो ठेवला. हातानं दाबला, मग पायानं, मग त्यावर उभीच राहिले. दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांपासून तुटलं.

पौर्णिमा : शिमग्याचं उधाण

पुढचे पाच दिवस बांध उंच केला. पण खरी परीक्षा पौर्णिमेची. सकाळी गावानं होळी रचली आणि दुपारी झाडून सगळे बांधावर येऊन बसले. पाणी आलं. आधी मेखांपाशी, मग निम्म्यावर, मग आणखी वर. खाडी फुगून अशी आली की पलीकडच्या होड्या आमच्या डोक्यांच्या उंचीवर दिसायला लागल्या. एका ठिकाणी पाझर दिसला. मी धावत गेले, पालथी पडून माती चाखली. खारट होती, पण पाणी स्वच्छ होतं, माती घेऊन येत नव्हतं. गढूळ झालं असतं तर घाबरायचं. तिथं पेंढा लावला आणि त्याच जागी बसून राहिले.

पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं. किती वेळ तसंच राहिलं कुणास ठाऊक. मग ठमावहिनी म्हणाली की मेखेवरची ओली रेघ उघडी पडली. म्हणजे उतरलं! दुसऱ्या दिवशी धुळवडीला आणखी दोन बोटं वर आलं, तेही उतरलं. त्या एका पाझराखेरीज आत खाचरांत खाडीचा थेंब नव्हता.

त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही. हसूबाबांनी मला रंग लावला, मी त्यांना लावला. आईला लावायला सगळे घाबरत होते, तर तीच रांगेतल्या तिच्या दोन शेजारणींना शोधत गेली आणि त्यांच्याकडून तोंड रंगवून घेऊन आली. निघताना गावानं आम्हाला पोतंभर तांदूळ देऊ केला. मी म्हटलं, आत्ता नको, यंदाच्या पिकातला द्या. हसूबाबा म्हणाले, मग न्यायला यावं लागंल. मी म्हटलं, येते की.

परत

पळस्पे फाट्यावर एस.टी.त जागा मिळाली. शेजारी पुण्याची एक बाई, नीटनेटकी, बोलकी. आमच्या साड्यांच्या काठांना वाळलेला चिखल बघून तिनं चौकशी सुरू केली. कुठून आलात, काय काम होतं, ही तुमची मुलगी का? मग तिची नजर माझ्या गळ्यावरून कपाळावर गेली, भांगावर थांबली, आणि आवाज खाली आणून तिनं आईला विचारलं, हिचं लग्न...?

मी खिडकीबाहेर बघायला लागले. अशा वेळी आई काय सांगायची ते मला पाठ आहे. तब्येत, नोकरी, बघतोय एखादं स्थळ.

आईनं मांडीवरची पिशवी नीट केली. हातांच्या रेषांत अजून खाडीचा चिखल होता, आठ दिवस घासूनही न गेलेला.

"माझी लेक भांगात भरते," आई म्हणाली. "उधाणात नाही."

बाईला काहीच कळलं नाही. आईनं तिला कळावं म्हणून काही केलंही नाही. गठ्ठा सोडून तिनं उरलेली एक दशमी काढली, मोडून अर्धी मला दिली आणि अर्धी त्या बाईच्या हातावर ठेवली.